न लावलेला तंबोरा

एकहार्ट येणार म्हणून मी सकाळपासून घर आवरत होते, आणि आवरता आवरता त्याला शिव्या घालत होते. गेली एकोणीस वर्षं तो दर एप्रिलला आमच्या मेडनहेडच्या घरी येतो आणि दर एप्रिलला मी हेच करते. यंदा माझ्या शिव्या ऐकून हसायला शशी नव्हता. जानेवारीत तो गेला.

आणि यंदा पहिल्यांदाच मला त्या जर्मनाकडून काहीतरी हवं होतं. शशीचं गाणं.

शशी माझा नवरा. जन्मभर इथे इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून काम केलं, पण माणूस मुळात गवई. मेडिकलला असतानाच पुण्यात गुरूंकडे शिकलेला. सर्जरीला, म्हणजे इथल्या भाषेत दवाखान्याला, जाण्याआधी रोज पहाटे तंबोरा घेऊन बसायचा. मी खाली किचनमध्ये डबे भरताना ऐकायचे. खरं तर ऐकायचे नाहीच. रोजचंच असलं की कोण कान देऊन ऐकतं? रेकॉर्ड मात्र करू द्यायचा नाही. "गळा अजून तयार नाही," म्हणायचा. गवयांचे गळे कधी तयार होतात ते देव जाणे.

मग हा एकहार्ट आला. पोलादाच्या कारखान्यांच्या गावात वाढलेला. सत्तरच्या दशकात दोन मित्रांना घेऊन जुन्या रेडिओंचे भाग जोडून यंत्रं बनवायचा आणि त्यातून जे काही निघेल त्याला संगीत म्हणायचा. पुढे मित्रांनी संसार थाटले, नोकऱ्या धरल्या. हा तसाच राहिला. पण एकट्याने त्याने कधी काही केलं नाही. दर रेकॉर्डला एक नवा सोबती. घंटा ओतणारा एक नॉर्वेचा म्हातारा, मधमाश्या पाळणारी एक स्कॉटिश बाई, ऐकू न येणारी एक नर्तकी. कव्हरवर सोबत्याचं नाव आधी, ह्याचं नंतर. अशा चाळीसेक रेकॉर्डी झाल्या. मी दोन ऐकल्या. आमचा फ्रिज बिघडला होता तेव्हा असाच आवाज यायचा, आणि तो आम्ही माणूस बोलावून दुरुस्त करून घेतला होता.

राहतो हाउन्सलोला, विमानतळाला लागून. तिथले लोक डोक्यावरून जाणाऱ्या विमानांना वैतागलेले असतात. ह्याने विमानांच्या घरघरीसाठीच तिथे फ्लॅट घेतला. आता बोला!

लंडनमधल्या एका छोट्या कार्यक्रमात त्याने शशीला ऐकलं. संपल्यावर येऊन भेटला, आणि गाण्याबद्दल एक शब्द न काढता तंबोऱ्याबद्दल विचारत बसला. त्या एप्रिलमध्ये टेपचं मोठं धूड घेऊन आमच्याकडे आला. शशी सकाळभर गायला, ह्याने ते टेपवर घेतलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. शशी आयुष्यात तेवढा एकदाच मायक्रोफोनसमोर बसला.

दुपारी जेवताना एकहार्टने आपली कल्पना सांगितली. हा तंबोरा आजपासून लावायचाच नाही. खुंट्यांना हात लावायचा नाही. दर एप्रिलला तो येणार आणि तासभर तारा छेडून ध्वनिमुद्रण करणार. माणसाने काही केलं नाही तर वाद्य आपलं आपण कुठे जातं, ते ऐकायचं. वीस वर्षं! मला वाटलं, शशी त्याला हसून वाटेला लावील. शशीने त्याचा हातच हातात घेतला. म्हणाला, "तुला शब्द दिला."

दुसरा तंबोरा मिरजेहून मागवू, असं ठरलं होतं. मग सर्जरीत माणसं कमी, वरदाची शाळा, सासूबाईंचं आजारपण. राहूनच गेलं. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला तो नाक मुरडायचा, आणि तंबोऱ्याशिवाय गाईना. एक दिवस माझ्या लक्षात आलं की आपल्या घरात कुणी गात नाही. कधी थांबलं तेही आठवेना. मी ते सगळं एकहार्टच्या माथी मारलं आणि आजवर तिथेच ठेवलं आहे.

खंडेनवमीला तेवढा तंबोरा खाली यायचा. पुण्याला असताना शशी त्या दिवशी नव्या तारा चढवायचा, सुरात लावायचा आणि मग पूजा करायचा. इथे शब्द दिल्यानंतर नुसतं हळदकुंकू आणि फूल. शेजारी त्याचा स्टेथोस्कोप आणि माझा एक्स-रे डिपार्टमेंटचा बॅज. पूजा झाली की ते ढिल्या तारांचं वाद्य परत वर जायचं.

मग शशीच्या घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागलं. त्यानंतर तो मोबाइलवर टाइप करून बोलायचा.

सकाळी वरदाचा फोन आला होता. वरदा आमची मुलगी, साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. मराठी तिचं इथे वाढलेल्या मुलांचं, तोडकंमोडकं. गाणं थांबलं तेव्हा ती जेमतेम सहा वर्षांची होती.

"आई, त्याच्याकडे डेफिनेटली असेल ना तो टेप?"

"असणारच गं. मी समोर होते."

"कारण मला डॅडची गाणं आठवतच नाही. आय ट्राय. पण नुसता हॉस्पिटलमधला डॅड येतो, तो ट्यूबवाला." मग घाईने म्हणाली, "मिळाली की लगेच फोन कर. प्लीज."

एकहार्ट अकराच्या सुमारास आला. बस आणि मग ट्रेन, हातात काठी, खांद्याला मशीनची पिशवी. दारातच त्याने माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मला रडू आलं, आणि ह्याच्यासमोर रडू आलं म्हणून रागही आला.

चहा दिला आणि सरळ विषयाला हात घातला. आम्ही इंग्रजीतच बोलतो.

"एकहार्ट, पहिल्या वर्षी शशी गायला होता. ती टेप मला हवी आहे."

त्याने कप खाली ठेवला.

"ती नाही, सुलक्षणा."

"नाही म्हणजे? हरवली?"

"पुसली. दुसऱ्या वर्षी तिच्यावरच तंबोरा घेतला. जे कामात नाही, ते मी ठेवत नाही. तुला माहीत आहे माझी पद्धत."

"शशीचं गाणं तुझ्या कामात नव्हतं?" मी ओरडलेच. "चाळीस रेकॉर्डी केल्यास, एवढीशी टेप ठेवता आली नाही? आणि त्याला विचारलंस तरी का?"

"विचारलं." तो खाली बघत म्हणाला. "तो शेजारीच बसला होता. म्हणाला, त्या दिवशी गळा बसला होता, पुसून टाक. मला तंबोऱ्यासाठी ती टेप हवीच होती. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

हे वाक्य शशीचंच होतं. गळा बसला होता! अरे, कुणी सांगितलं होतं तुला? मी इतकी वर्षं एकहार्टवर डाफरत होते. आता शशीवर डाफरायचं होतं आणि तो समोर नव्हता.

थोड्या वेळाने एकहार्ट काठी टेकत उठला. "हे विसावं वर्ष. शेवटचं. वर जाऊ?"

ही वेळ येणार हे मला ठाऊक होतं. मी त्याच्या मागून जिना चढले. त्याने गवसणी काढली आणि तसाच थबकला. तारा नव्या होत्या, चकचकीत. त्याने बोट फिरवलं. चारही तारा स्वच्छ सुरात बोलल्या, खोली भरून गेली. तो मटकन खुर्चीत बसला.

"कुणी?" त्याने विचारलं.

"शशीने. गेल्या खंडेनवमीला."

"शब्द दिला होता त्याने." हे तो रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. एकोणीस वर्षांचं काम, शेवटच्या एका तासासाठी थांबलेलं, त्याच्यासमोर मातीत गेलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस पुन्हा कुठून सुरुवात करणार?

"मोडला त्याने शब्द," मी म्हणाले. "मला विचारलंही नाही. पूजेसाठी खाली आणला आणि ड्रॉवरमधून तारा काढून बसला. एक तार तुटली, त्याने दुसरी चढवली. तारांखालचे दोरे सरकवून जवारी लागेपर्यंत दुपार होते की काय असं मला वाटलं. मी म्हटलं, शशी, एकहार्ट काय म्हणेल? त्याने टाइप केलं, त्याला सॉरी सांग. मला गायचं आहे."

"पण आवाज..."

"नव्हताच. तरी गायला."

मी दाराच्या चौकटीला धरून सांगत होते. शशी तंबोरा मांडीवर घेऊन बसला, डोळे मिटले, ओठ हलू लागले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा. डावा हात वर जायचा, खाली यायचा, मधेच एखाद्या जागेवर थरथरायचा. बंदिशीचे शब्द मला ओठांवरून कळत होते, रोज ऐकून न ऐकलेले. अंतऱ्याला हात पार वर गेला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी हातातलं काम टाकून, त्याच्यासमोर बसून, शेवटपर्यंत ऐकलं.

"रेकॉर्ड केलंस?" एकहार्टने इतक्या हळू विचारलं की मला पुन्हा विचारावं लागलं.

"नाही रे. काय करणार होते रेकॉर्ड? नुसता तंबोराच तर ऐकू येत होता."

चेहरा ओंजळीत धरून म्हातारा लहान मुलासारखा रडू लागला. मशीनची पिशवी त्याने उघडलीच नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्यावरचा माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. राग असता तर बरं झालं असतं, धरायला काहीतरी उरलं असतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वरदा. शिफ्टच्या ब्रेकमधून.

"आई? मिळाली?"

खोटं बोलावंसं वाटलं. शोधतोय म्हणून सांगावं, आणखी चार महिने तिने आशेवर काढावेत. पण एकहार्ट मान वर करून बघत होता.

"नाही गं बाळा. पुसली गेली. कुठेच नाहीये."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं, ती जात नव्हती. मग लहानपणी हट्ट करायची तशा आवाजात म्हणाली, "मग तू गाऊन दाखव ना. थोडंसं. डॅड कसा गायचा ते. तू तर रोज ऐकलीस."

मला गाता येत नाही. तरी फोन कानाला धरून मी डोळे मिटले, त्याची सकाळ आठवली आणि सा लावला. सा धरून ठेवला, दम संपेपर्यंत. पुढचं काही मला येत नव्हतं.