चांदवेल आवरताना

दादाने पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. हे काय आहे ते सांग म्हणाला, कांद्याचा अख्खा वाफा गिळून बसलंय.

तण ओळखून देणं हे कृषी कार्यालयातलं माझं काम. सव्वीस वर्षं लोक पुढ्यात पाला टाकतात आणि मी नाव, उपाय सांगते. सख्खा भाऊ मात्र पहिल्यांदाच आला होता. सवयीने भिंग घेतलं. बाणाच्या टोकासारखं पान, पांढरट गुलाबी फूल, आणि फुलाच्या पेरभर खाली देठावर दोन इवलीशी पानं. चांदवेल. शंकेला जागाच नव्हती, तरी मी नाव सांगायचं टाळलं.

कारण ती मीच आणली होती. आठ वर्षांची असताना रस्त्याकडेची वेल, बागेतली गारवेल समजून, मुळासकट उपटून आईला दिली. तिने ती, आता दादा राहतो त्याच घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावली. पुढे शिकल्यावर चूक कळली, पण आई जाईपर्यंत सांगायचं धाडस झालं नाही. तिला फुलं आवडायची, उगाच मिठाचा खडा कशाला?

"कुदळ लावलीस?" मी विचारलं.

"चांगली खोल."

"मग एकाची दहा केलीस. तुटलेला प्रत्येक तुकडा उगवतो." आणि एका दमात सांगून टाकलं, "दादा, हे माझंच पाप आहे."

तो हसला नाही. "आईला माहीत होतं. बाबा दरवर्षी उपटायला निघायचे. ती म्हणायची, पोरीनं दिलंय, पसरलं तर मी आवरीन. रोज सकाळी बसून बाहेर पसरणारे कोंब खुडायची."

मला वाटायचं, फुलं तोडतेय.

उपायही तोच होता. कोंब दिसला की खुडायचा, मूळ उपाशी मरेपर्यंत. दोन-तीन वर्षं लागतात. दादाचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून दर रविवारी मीच जायला लागले. आई गेल्यापासून त्या घरी जाणं जवळपास थांबलंच होतं. आता मी खाली, तो स्टुलावर, आणि लहानपणीच्या भांडणांची उजळणी. चूक कोणाची, हे अजून ठरलेलं नाही.

गेल्या रविवारी, चौथ्या वर्षी, एकही कोंब नव्हता.

"सुटलीस," दादा म्हणाला.

मी तरी बसले आणि मोकळी माती बोटांनी चाळत राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "त्या कोपऱ्यात बघ. राहिलं असेल एखादं."