ढमीने दाखवलेला फ्रिज

आजोबांनी जन्मभर एकच काम केलं: दाखवणं. गावाबाहेरच्या किल्ल्यावर ते गाईड होते. त्यांनी बोट उजवीकडे केलं की बसभर माना उजवीकडे वळायच्या, डावीकडे केलं की डावीकडे. इतकं तर कुणी सरकारचंही ऐकत नाही. किल्ल्यात बघण्यासारखं फारसं नव्हतं. अर्धा तट पडलेला, तोफ एकच, आणि तीही दुसऱ्या किल्ल्यावरून आणून ठेवलेली. पण आजोबांच्या बोटात अशी काही करामत होती, की लोक रिकाम्या कोनाड्याचेही फोटो काढत.

अशा माणसाला नात झाली ती जन्मापासून न दिसणारी.

ढमी आता दहा महिन्यांची होती. तिला दिसणार नाही हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं आणि घराने रडून-बिडून ते केव्हाच पचवलं होतं. खुद्द ढमीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ती खायची, लोळायची, आणि नको असलेली वस्तू अशा अधिकाराने भिरकावून द्यायची, की ही पुढे मोठी साहेब होणार असं जावयाचं ठाम मत होतं.

घोडं अडलं होतं ते दुसरीकडेच. लेक सोमवारपासून कामावर जाणार होती. ती कवळ्या बनवायची. आजोबांच्या तोंडातली कवळीही तिच्याच हातची. मग ढमीला दिवसभर सांभाळणार कोण, आजोबा की पाळणाघर? “मी काय मेलोय?” असं आजोबा चारचौघांत बोलून बसले होते आणि आता त्यांना घास गोड लागत नव्हता. कारण त्यांची खात्रीच झाली होती की ढमीला आपण आवडत नाही.

पुरावा त्यांच्या धंद्यातला होता. कंटाळलेला पर्यटक आजोबा पाठमोराही ओळखत. आधी त्याची चुळबुळ थांबते, मग मान खाली जाते, मग तोंड दुसरीकडे वळतं. तोंड वळलं की आजोबा दोन राजे आणि एक लढाई गाळून सगळ्यांना थेट बाहेरच्या दाराशी नेत. ढमी नेमकं हेच करायची. आजोबांनी “एकदा काय झालं” म्हणायचा अवकाश, की हवेत नाचणारे पाय जागच्या जागी थांबत, मान खाली जाई आणि तोंड भिंतीकडे वळे. चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. आजोबा मग धंद्याची अब्रू राखून गप्प बसत. आणि ते गप्प बसले, की ढमी भोकाड पसरे. म्हणजे बोलणं नको आणि बोलणाराही नको.

शनिवारी सकाळी लेकीने पिशवी उचलली. “बाबा, मी भाजी घेऊन येते. सोमवारची रंगीत तालीम समजा.”

“तू निवांत जा.”

“मग तोंड असं का केलंय?”

“दात तू बसवलेस. तुलाच ठाऊक.”

लेक गेली. आजोबांनी ढमीला मांडीवर घेऊन किल्ल्याचा इतिहास काढला. नमनालाच घडाभर तेल जाणार होतं, पण राजाचा जन्म होतोय न होतोय तोच पाय थांबले, मान गेली, तोंड वळलं. आजोबांनी राजाला जन्मतःच आवरतं घेतलं. ढमी रडली, रडून दमली, आणि घरात शांतता झाली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या फ्रिजने खट् केलं आणि तो घुमू लागला.

ढमीचे पाय थांबले. मान खाली गेली. तोंड वळलं.

‘वा, फ्रिजचाही कंटाळा,’ आजोबांच्या मनात आलं, आणि त्यांना जरा बरं वाटलं. पण आज त्यांची नजर या इवल्या पर्यटकाच्या चेहऱ्यावरून खाली घसरली. ढमीच्या पायाची बोटं पंख्यासारखी फाकली होती. हाताची बोटं हवेत हळूहळू उघडत-मिटत होती. मग त्या हाताने चाचपत आजोबांचा अंगठा गाठला आणि ओढला.

आजोबा तिला कडेवर घेऊन उठले. अंगठा ज्या दिशेला ओढला जाई त्या दिशेला निघाले. ढमीने फ्रिजच्या दारावर एक हात थापला, दुसऱ्या हाताने आजोबांचा अंगठा त्यावर टेकवला आणि ती थांबली. दार बारीक थरथरत होतं. इतकी वर्षं त्यातलं दही खाल्लं, पण फ्रिज थरथरतो हे आजोबांना आजच कळत होतं.

“ह?” ढमीने विचारलं.

हा प्रश्न आजोबांच्या ओळखीचा होता. किल्ल्यावर ते रोज विचारत: दिसलं ना सगळ्यांना?

“हो बाई,” आजोबा म्हणाले. “कळलं.”

ढमी तोंडभर हसली. आजोबांनी वाकून गाल दाराला लावला. तिनेही लावला.

लेक परतली तेव्हा दोघं त्याच अवस्थेत होती.

“बाबा, काय चाललंय?”

“हळू बोल. ही फ्रिज दाखवतेय.” मग आजोबा सरळ झाले आणि जरा खाकरले. “एक विचारू? मी बोलायला लागलो की ही तोंड फिरवते. ते...”

“तोंड कुठलं फिरवते? कान पुढे करते. कान बाजूला असतात बाबा, नाकाच्या जागी नसतात.”

“आणि गप्प राहिलो की रडते ते?”

“सिनेमा मध्येच बंद पडला तर तुम्ही काय करता?”

म्हणजे इतके महिने आजोबा चांगल्या गिऱ्हाइकाला पहिल्याच बुरुजावरून बाहेर काढत आले होते. आणि किल्ल्यावर मान खाली घालणारे ते सगळे? त्यांतले किती जण मन लावून ऐकत होते, देव जाणे. पण तो विचार त्यांनी पुढे ढकलला. आधी इथली रीत पाळायला हवी होती. दाखवणाऱ्याला बक्षीस द्यायचं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? खिशात फक्त किल्ल्यांचा जुडगा निघाला. तो त्यांनी ढमीच्या तळहातावर ठेवला. ढमीने तो खुळखुळवला, कान देऊन पारखला आणि भिरकावून दिला.

“सोमवारचं काय करायचं?” लेकीने किल्ल्या उचलत विचारलं. “पाळणाघराला काय सांगू?”

“जागा नाही म्हणून सांग.”

“जागा त्यांच्याकडे आहे, बाबा.”

“आमच्याकडे नाही. सोमवारी वॉशिंग मशीन बघायचंय.”

एवढ्यात फ्रिज खट् करून घुमायचा थांबला. ढमीने आजोबांची हनुवटी गाठली आणि तिच्यावर चापट मारली. आजोबांनी घसा साफ केला. “तर,” ते म्हणाले, “राजाचा जन्म झाला.” ढमीचे पाय थांबले, मान खाली गेली, तोंड वळलं. आजोबांनी या खेपेला एकही लढाई गाळली नाही.