टाके घातलेलं झाड

झाडात काहीतरी राहिलं होतं, आणि काय राहिलंय ते तिला काही केल्या सापडत नव्हतं.

तसं पाहिलं तर काही राहायला त्या झाडावर जागा तरी कुठे होती? सात फुटी ख्रिसमस ट्री, बैठकीच्या खोलीत खिडकीला खेटून उभं, आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बोट ठेवायची सोय नाही. आत बुंध्याजवळ मखमलीचे मोठाले गोळे, त्यांच्या पुढे सॅटिनची फळं, फळांवर मोत्यांच्या सरी, आणि फांद्यांच्या टोकांना सोनेरी लेसची पानं. यातलं एकही दुकानातून आणलेलं नाही बरं का. बाई लग्नाचे झगे शिवायच्या दुकानात कामाला. कापून उरलेली चिंधी फेकायची म्हटलं की तिच्या जिवावर यायचं, मग वर्षभर पिशव्या भरायच्या आणि नाताळाच्या आधी घरभर पसारा.

आणखी एक खोड होती. ती झाडाला काही अडकवायची नाही, शिवायची. दुहेरी दोरा, तीन टाके आणि गाठ. आकडा निसटतो, म्हणायची, टाका निसटत नाही. इमारतीतले लोक दरवर्षी झाड बघायला यायचे आणि तोंडात बोट घालून परत जायचे. वरच्या मजल्यावरची शिक्षिका तर दर खेपेला विचारायची, "एवढं सगळं नंतर उसवताना जीव तुटत नाही का हो तुमचा?" तुटायचा ना. म्हणून तर आज उसवू, उद्या उसवू करत ते झाड फेब्रुवारी उलटला तरी तिथेच असायचं.

यंदा मात्र तिने झाडाचा नुसता ध्यास घेतला होता, कारण आज चार वाजता तिचा नवरा हॉस्पिटलातून घरी यायचा होता.

नवरा वायरमन. जन्मभर शिड्यांवर चढला, उघड्या तारांशी खेळला, तेव्हा काही झालं नाही, आणि सात आठवड्यांपूर्वी खुर्चीत बसून चहा पिताना त्याला झटका आला. बोलणं सुधारलं, काठी धरून चालणं जमायला लागलं, पण उजवा हात काही मनावर घेईना. हाताचं तिला दुःख होतंच. पण भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. मागच्या आठवड्यात ती त्याच्या उशाशी बसून घरचं सांगत होती. जावयाने गळका नळ बदलला, लेकीने दाराची कडी बसवली, सगळं कसं छान चाललंय, तुम्ही अगदी निर्धास्त राहा. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाला, "म्हणजे माझ्यावाचून काही अडत नाही."

चिडून म्हणाला असता तर तिनेही दोन शब्द सुनावले असते. तो अगदी शांतपणे म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून हाताचे व्यायाम बंद. का, तर "करायचंय काय आता." डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बोलावून सांगितलं, हाताचं होईल हळूहळू, पण यांनी मनच काढून घेतलंय, घरी गेल्यावर ते लागतंय का बघा.

तेव्हा तिने ठरवलं, असं झाड करायचं की माणूस दारातच थबकला पाहिजे.

रविवारी जावयाने येऊन लोखंडी दांडा उभा केला, फांद्या बसवल्या, आणि तो गेल्यापासून ती झाडाला जी भिडली ती चार दिवस जेवणाखाण्याची शुद्ध नव्हती. दुकानातून रजा घेतली. भाजी दोनदा करपली. आणि पहिल्या दिवसापासून तिच्या बोटांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. हात फांदीत घातला की काहीतरी लागायला हवं होतं आणि ते लागत नव्हतं. तिला वाटलं, झाड भरलेलं नाही म्हणून असं होतंय. तिने गोळे वाढवले. तरी नाही. मोती वाढवले. तरी नाहीच. काल दुपारी तर कहर झाला, कपाटातून तिने स्वतःच्या लग्नातला द्राक्षाच्या रंगाचा मखमली कोट काढला आणि त्यावर कात्री चालवली.

"आई, कोट?" लेकीने डोक्याला हात लावला. बाबा येणार म्हणून ती दोन दिवसांसाठी राहायला आली होती. "अगं, बस कर ना. झाड कुठे दिसतंय त्यात आता?"

"तुला नाही कळायचं. काहीतरी राहिलंय."

"झोप राहिलीये तुझी."

आज तीन वाजता शेवटचा टाका पडला. कोटाच्या मखमलीचा तारा शेंड्यावर बसला. जावई गाडी घेऊन हॉस्पिटलात पोचल्याचा फोन येऊन गेला होता. ती चार पावलं मागे सरली, पुढे झाली, एक पान डावीकडे वळवलं, पुन्हा उजवीकडे केलं.

"लाव बघू आता," लेक म्हणाली.

तिने सोफ्याच्या मागे हात घातला. बटण तिथेच असायचं, पांढरं, अंगठ्याएवढं. हात भिंतीवरून फिरला, फरशीवर फिरला, झाडाखाली गेला. मग ती तिथेच गुडघ्यांवर बसून राहिली, कारण झाडाला दिवेच नव्हते.

दिवे त्याचे असायचे. दरवर्षी ती दुकानात असताना तो एक दिवस सुट्टी घ्यायचा, झाड उभं करायचा आणि बुंध्यापासून एकेका फांदीवर वायर चढवायचा. मोहरीएवढे बल्ब, हिरवी वायर, वर हिरवीच टेप, दिवे लागेपर्यंत कुठे काय आहे याचा थांगपत्ता लागायचा नाही. संध्याकाळी ती घरी आली की झाड तयार. चार दिवसांनी तिचा शेवटचा टाका झाला की तो सोफ्यामागून विचारायचा, "झालं?" ती म्हणायची, "झालं," आणि तो बटण दाबायचा. मग लोक यायचे, तुमचं झाड, तुमचे हात, तुमची कला. तीही खुशाल ऐकून घ्यायची. तो मागे चहाचा ट्रे धरून उभा असायचा. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

लेक मात्र वडिलांची. तिने माळ्यावरून दिव्यांचा खोका काढलासुद्धा. "वरून टाकू की चार वेढे. हाय काय आणि नाय काय."

वेढे टाकले. मखमलीवर हिरवी वायर लोंबायला लागली, दोरीवर धुणं वाळत घातल्यासारखी. आत सरकवावी तर बोट शिरत नव्हतं. सगळं शिवलेलं, तेही तीन-तीन टाक्यांनी. तिने वायर ओढून काढली, पुन्हा टाकली, पुन्हा ओढली. दोन मोती तुटून सोफ्याखाली गेले.

"राहू दे, आई. बाबांना सांगू माळ जळाली, उद्या नवी आणतो. त्यांना कुठे कळणार आहे?"

"त्यांना? अगं, ते लग्नाला गेले की नवरीच्या आधी दिव्यांच्या माळा बघतात."

ती उठली, बसली, खिडकीशी गेली, परत आली. हातात कात्री होती, ती कधी उचलली तिलाच ठाऊक नाही. चार दिवस राबून आपण काय सिद्ध केलं, तर त्याच्यावाचून सगळं पार पडतं हे, असं तिच्या मनात आलं. इतक्यात लिफ्टचं दार वाजलं.

तो जावयाचा हात धरून आत आला. दारात थबकला बिबकला काही नाही. खुर्चीत बसला, काठी मांडीवर घेतली आणि झाडाकडे बघत राहिला.

"दिवे कुठेत?"

"बाबा, ती माळ ना..." लेकीने सुरुवात केली.

"माळबीळ काही जळली नाही," ती म्हणाली. "लावलेच नाहीत. विसरले मी. कधी लावावे लागले नाहीत ना, मला वाटायचं झाडाला ते असतातच. चार दिवस काहीतरी राहिलंय म्हणून वेड्यासारखी शिवतेय. आता कळलं काय राहिलंय. तुमच्यावाचून अडलंय हो. हे बघा, हे असं अडलंय."

डावा हात पुढे करून त्याने सगळ्यात खालची फांदी धरली, सोनेरी पान अंगठ्याने वर केलं आणि टाका बघितला.

"तीन?"

"तीन."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"कोट कापलास," तो म्हणाला. नजर शेंड्यावर होती.

"हो."

"वेडी आहेस." त्याने मोठा श्वास सोडला. मग जावयाकडे वळून म्हणाला, "ही खुर्ची झाडाच्या अजून जवळ घ्या. माझ्या पेटीत हिरवी टेप असेल, ती आणा. आणि वायरचं वेटोळं इथे ठेवा, या हातावर. याला काही जमत नसेल तर निदान वजन म्हणून पडू दे."

लेकीने त्याचा उजवा हात मांडीवर सरळ केला आणि त्यावर वेटोळं ठेवलं. बोटं मिटली नाहीत. तो त्यांच्याकडे रागाने बघत राहिला. गेल्या सात आठवड्यांत त्या हातावर त्याला राग आलेला तिने पहिल्यांदाच पाहिला.

"बघतेस काय? काप," तो बायकोला म्हणाला. "खालपासून. दिवे बुंध्याकडून चढवायचे असतात."

ती खाली बसली आणि तिने पहिला टाका कापला. सोनेरी पान तिच्या ओंजळीत आलं, मग मोती, फळं, आणि शेवटी कोटाच्या मखमलीचा गोळा. वरच्या शिक्षिकेने आता विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आज नाही तुटत जीव. कात्री भराभर चालायला लागली.

"हळू," तो म्हणाला. "कुठे जायचंय आपल्याला? आज खालच्या तीन फांद्या करू. बाकीच्या उद्या."