बँडमास्तरांच्या कोटाचं बटण

शिंप्याची छकुली रांगायला लागली, त्या दिवसापासून घरातली एक वस्तू जागेवर राहिली असेल तर शपथ. शिंप्याने खुळखुळे आणले, दाबलं की ओरडणारं बदक आणलं. बाईसाहेबांनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांना हवा टेप, खडू, रीळ. हाताला लागेल ते आधी चाखायचं, मग फरशीवर आपटून आवाज तपासायचा, आणि मग ते गडप. कुठे, ते देव जाणे.

आज बँडमास्तर दारात बूट काढून खुर्चीत येऊन बसले. कोटाचं शेवटचं बटण लावायला शिंप्याने हात पुढे केला, तर बटण नाही! चांगलं बशीएवढं पितळी बटण. पोरीच्या घशात जाणारं नव्हतं, एवढाच दिलासा. पण तसलं दुसरं बाजारात मिळायचं नाही.

"तासाभरात बँड आहे माझा. पोट उघडं टाकून चालू?"

"पाच मिनिटं, मास्तर."

"मघापासून तुझी पाचच मिनिटं चाललीयेत!"

शिंप्याने मशीन सरकवलं, गादी झटकली, छकुलीचं झबलंही झटकलं. ती खुदकन हसली.

"बोल ना गं बाई, कुठे ठेवलंस?" शिंपी रडकुंडीला आला.

"ब्बा," छकुली म्हणाली.

शेवटी त्याने एक रिकामं रीळ तिच्यापुढे सोडलं आणि बघत राहिला. चाखून झालं, आपटून झालं. मग रीळ मुठीत धरून स्वारी निघाली. मागोमाग शिंपीही रांगत निघाला. टेबलाखाली त्याचं टाळकं सणकून आदळलं.

तेवढ्यात बायको कामावरून आली. "एक पोर सांभाळायला दिलं होतं, दोन कशी झाली?"

"शूऽऽ! विसरेल ती!"

छकुली दारापाशी थांबली आणि तिने रीळ टाकलं ते मास्तरांच्या उजव्या बुटात. शिंप्याने बूट उपडा केला. रीळ, बटण, खडू, भिजलेलं बिस्कीट.

"माझ्या बुटाची पेटी केली कार्टीने!" मास्तर कडाडले. बटण लागताच कोट चढवून, बुटांत पाय कोंबून पळाले.

शिंपी पुढच्या कामाला बसला, तर बोटात घालायचं अंगुस्तान सापडेना. इतक्यात रस्त्यावरून बँड आला. मास्तर डाव्या पायाने लंगडत होते. मागच्या चाळीस जणांना वाटलं, नवी चाल बसवलीये. तेही तालात लंगडत होते. दुतर्फा लोक टाळ्या पिटत होते.

"ब्बा!" छकुली खिडकीतून ओरडली.

"दिसलं, दिसलं!" शिंपी करवादला, आणि स्वतःचे बूट उंच फळीवर ठेवायला उठला. उचलताना ते चांगलेच जड लागले.