पिवळ्या पट्टीचा बाक

मी एक जुना बाक आहे. बास्केटबॉलच्या मैदानाच्या कडेला राखीव खेळाडू ज्यावर बसतात ना, तोच. मित्रांनो, तुम्ही सामना बघायला जाता तेव्हा तुमचं लक्ष चेंडूवर असतं, नाहीतर गुणफलकावर. बाकाकडे कोण कशाला बघेल? मीही तक्रार करत नाही. पण एका माणसाची गोष्ट माझ्याशिवाय कोणी धड सांगू शकणार नाही, म्हणून आज तोंड उघडतो आहे.

जन्माने मी बाक नव्हतो. मी क्लबच्या हॉलची लाकडी जमीन होतो. जमीन जुनी झाली तेव्हा फळ्या उखडून मागच्या आवारात रचून ठेवल्या. क्लबचा सुतार मोठा चिकट माणूस होता. चांगलं लाकूड जळणात गेलेलं त्याला बघवत नसे. त्याने धड फळ्या निवडल्या, त्यांना लोखंडी पाय लावले आणि मला उभं केलं. रंधा मारताना एका टोकाची पिवळी पट्टी मात्र त्याने मुद्दाम राखली. खेळाडू जिथून फ्री थ्रो टाकतात त्या रेषेचा तो तुकडा होता.

"असू दे," तो म्हणाला, "कुठून आलाय याची याला आठवण राहील."

आठवण कसली, छळच तो! दोन हातांवर दुसऱ्याच लाकडावर चेंडू नाचायचा आणि मी बाजूला बसून आवाज ऐकायचा. पहिले काही महिने मला फार वाईट वाटलं. मग सवय झाली.

बाकावर बसायची एक रीत असते. प्रशिक्षकांना सगळे सर म्हणत. सरांच्या शेजारी तो बसतो ज्याला लवकरच आत जायचं असतं. त्याच्या पलीकडे त्याच्यापेक्षा कमी लागणारा. अगदी टोकाला, दाराच्या फटीतून वारा येतो तिथे, ज्याला सहसा हाक येत नाही असा. माझी पिवळी पट्टी नेमकी त्याच टोकाला. आणि बसण्यावरून मला माणूस कळतो. खेळून आलेला धपकन बसतो. हाकेची वाट बघणारा काठावर टेकतो. आशा सोडलेला सैल पसरतो.

उंट आला तेव्हा काठावर टेकायचा. हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दारातून वाकून यायचा आणि चालताना मान पुढे काढायचा, म्हणून पहिल्याच दिवशी बारसं झालं. त्याची आई शिवणकाम करायची. बाजारातली कुठलीच पँट त्याला पुरत नसे, म्हणून ती खाली कापड जोडून द्यायची. "उंटाच्या पँटला खालचा मजला पण आहे का रे?" असं कप्तान विचारायचा आणि सगळ्यांच्या आधी उंटच हसायचा. व्यावसायिक संघाचा करार मिळाला तेव्हा त्याने आईला एकच शब्द दिला होता. मोठ्या हॉलमध्ये तू मला खेळताना बघशील. हे त्याने माझ्यावर बसूनच कप्तानाला सांगितलं होतं.

पहिल्या मोसमात तो चांगला खेळला. नेमके ते दिवस शाळा सुरू होण्याचे होते. आईच्या टेबलावर गणवेशांचा ढीग, तिला मान वर करायला फुरसत नव्हती. ती मोकळी होईपर्यंत उंटाचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, काठी आली, काठी गेली. तो परतला तेव्हा त्याच्या जागी एक चपळ पोरगा रुळला होता. उंट एकेक माणूस करत सरकत गेला आणि शेवटी पिवळ्या पट्टीवर येऊन थांबला.

आता आईला फुरसत होती. दोन बस बदलून ती घरच्या प्रत्येक सामन्याला यायची आणि माझ्या मागच्या रांगेत बसायची. सामन्याआधी कठड्यावरून वाकून विचारायची, "आज खेळवतील का रे?"

"बघू," तो म्हणायचा.

पुढे पुढे त्या 'बघू'तला जीव गेला. तो माझ्यावर सैल पसरू लागला. पाय लांब, हात जॅकेटच्या खिशात. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची, कारण बाजूला पडल्यावर लाकूड कसं होतं हे मला माहीत होतं.

अशातच तो सामना आला. दोन खेळाडू तापाने घरी, एकाचा पाय मुरगळलेला. उत्तरार्धात सरांनी बाकावर नजर फिरवली आणि ओरडले, "उंटा, ऊठ!"

उंटाला आधी खरंच वाटेना. मग तो ताडकन उठला. मागून आईचा आवाज आला, "उठला! माझा मुलगा उठला!" त्याने झर्रकन जॅकेटची झिप उघडली. आत जर्सी नव्हती. नुसता बनियन होता. रोज घालायची, रोज न खेळता काढायची, म्हणून त्या दिवशी त्याने ती घातलीच नव्हती. कपडे बदलायच्या खोलीत, पिशवीत राहिली होती. अंगात आकड्याची जर्सी नसलेल्या माणसाला पंच आत सोडत नाहीत.

सगळा हॉल हसला. विरोधी संघ हसला, आमचेही काही तोंड लपवून हसले. सरांनी दुसऱ्याला आत पाठवलं. उंट खाली बसला, अगदी हळू, जणू मी मोडेन. त्या दिवशी मला जमिनीत परत जावंसं वाटलं, त्याला पोटात घेऊन.

हॉल रिकामा झाला तरी तो उठला नाही. आई पायऱ्या उतरून आली आणि त्याच्या शेजारी माझ्यावर बसली.

"बोल काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू? तुला खेळवत नाहीत याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. ते काही आपल्या हातात नसतं." तिने त्याच्या जॅकेटची झिप वर ओढली. "गिऱ्हाईक येवो न येवो, मी सकाळी मशीनला तेल घालते की नाही?"

"घालतेस."

"मग तुझं काय अडलं होतं? अंगात एक कापड घालायचं, तेवढंही जमलं नाही?"

तो रडला. एवढा मोठा माणूस, आईच्या खांद्यावर डोकं ठेवायला त्याला किती वाकावं लागलं! मी त्या दोघांचा भार सांभाळत राहिलो.

उंटाने कानाला खडा लावला. त्यानंतर तो पिवळ्या पट्टीवर बसायचा तो जर्सी घालून, बुटांच्या नाड्या आवळून, झिप अर्धी उघडी ठेवून. आणि तो बघायला लागला. इतके दिवस त्याची नजर समोर असायची, पण तो बघत नव्हता. कुठला खेळाडू दमला की फक्त उजव्या हाताने खेळतो, कोण पास देण्याआधी ओठ चावतो, सगळं त्याच्या डोक्यात जमू लागलं. मध्यंतरात तो हळूच सांगायचा. सुरुवातीला पोरं म्हणायची, "आला आमचा उंटावरचा शहाणा!" पण त्याचं सांगणं दोन-चारदा खरं ठरलं आणि थट्टा आपोआप बंद पडली. सरांनी एकदा शेजारची जागा थोपटली आणि म्हणाले, "इकडे ये, तिथे वारा लागतो." तो आला. पण खेळायला मिळालं ते क्वचितच, तेही आई नसलेल्या परगावच्या सामन्यांत. वर्षं गेली, गुडघा कुरकुरू लागला आणि क्लबने सांगून टाकलं की हा मोसम शेवटचा.

शेवटचा सामना घरचाच होता. आई मागच्या रांगेत होती. आता तिला चष्मा लागला होता आणि 'खेळवतील का' हे विचारणं तिने सोडून दिलं होतं. शेवटची काही मिनिटं उरली, आम्ही एका गुणाने पुढे, आणि कप्तानाचा पाचवा फाऊल झाला. म्हणजे तो बाहेर. सरांनी शेजारी बघितलं. "जा," एवढंच म्हणाले.

झिप उघडली. आत जर्सी होती.

मित्रांनो, मी तुम्हाला सांगितलं की त्याने बास्केट मारली, तर ते खोटं होईल. त्याच्या हाती चेंडूही नीट आला नाही. विरोधी संघात एक धिप्पाड गडी होता. उंटाने कितीतरी मोसम त्याला बाकावरून पाहिलं होतं. डावीकडे वळण्याआधी तो खांदा पाडतो. शेवटच्या क्षणी तो चेंडू घेऊन सुसाट आला, खांदा पडला, आणि वळण्याआधीच उंट त्याच्या डाव्या बाजूला जाऊन गच्च उभा राहिला. तो गडी सरळ येऊन त्याच्यावर आदळला. उंट धाडकन पाठीवर पडला. स्थिर उभ्या माणसाला धडकलं तर फाऊल धडकणाऱ्याचा असतो. शिट्टी वाजली, चेंडू आमचा झाला आणि आम्ही जिंकलो. त्याच्या पडण्याचा तो आवाज! लाकडावर पडलेला खेळाडू मी कित्येक वर्षांत अंगाने अनुभवला नव्हता, पण पट्टीपर्यंत शहारा आला.

आई घाबरून खाली धावली. "पडलास काय रे?"

"पडायचंच होतं, आई."

तिने चष्मा पुसला, पुन्हा घातला. "मग छान पडलास."

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कप्तानाचा फोटो होता. उंटाचं नाव कुठेच नव्हतं.

पुढल्या मोसमात हॉलमध्ये गुबगुबीत खुर्च्या आल्या. मला मागच्या आवारात टाकलं, जिथे कधी काळी माझ्या फळ्या रचल्या होत्या तिथेच. अंगावर रंगाचे रिकामे डबे, एक पाय वाकडा, खाली मुंग्या. कोणी विचारेना. एकदा उंट सरांना भेटायला आला आणि मी त्याला दिसलो. त्याने डबे उचलून बाजूला ठेवले, तळहाताने पट्टी पुसली आणि रखवालदाराला विचारलं, "हा नेऊ का?"

"न्या की. जळणात जाणार होता."

आता मी त्याच्या घराजवळच्या उघड्या मैदानावर आहे. तिथे तो मुलांना खेळ शिकवतो. पाय त्याने सरळ करून घेतला, वॉर्निश स्वतः लावलं, पट्टीला मात्र हात लावला नाही. संध्याकाळी त्याची आई, म्हणजे मुलांची आजी, पट्टीच्या टोकाला बसून मुलांच्या जर्सीवर आकडे शिवते. नुसत्या बनियनमध्ये कोणी बसायला आलं की ती सुई उगारते. "आधी जर्सी, मग बूड टेकायचं!"

मित्रांनो, मला कर्कटकाने टोचू नका, फळीखाली च्युइंगम चिकटवू नका, पावसात विसरू नका. एवढं केलंत तर मी अजून पुष्कळ टिकेन. आणि माझ्यावर बसलेल्याला हसू नका. तो खेळत नसला तरी कामावर आहे.

हे बघा, आत्ताच उंटाने कुणाला तरी हाक मारली. काठावर टेकलेली एक मुलगी उठली, माझ्यावरचा तिचा भार गेला. आजीच्या हातातली सुई थांबली आहे. झिप उघडल्याचा आवाज आला.

आत आकडा आहे.