योरागाचा डावा हात

त्सुनेओने टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकला.

"बाबा, इथे कोण ओळखणारे तुम्हाला? तेव्हाही तुम्ही रबराच्या आतच होतात की," चिहारु हसून म्हणाली आणि तांदळाच्या चकत्यांची पुडी तिने वडिलांपुढे धरली.

नगरपालिकेच्या सभागृहात जुन्या सिनेमाचा दुपारचा खेळ होता. पडद्यावर तळं फाटलं, योरागा राक्षस वर आला आणि पुढच्या रांगांतली पोरं किंचाळली. त्या रबरी पोशाखाच्या आत त्सुनेओ होता. पहिल्या भागात त्याने शहर जाळलं, तेव्हा मोठी माणसं रडली होती. त्या कामाचा त्याला अभिमान होता. मग पुढचे भाग निघू लागले. योरागा शेवयांची गाडी पळवू लागला, शत्रूशी टेकड्यांएवढ्या दगडांनी झेलाझेली खेळू लागला आणि या चौथ्या भागापर्यंत तर पोरांचा मामाच होऊन बसला. त्सुनेओने नामावलीतून स्वतःचं नाव काढून घेतलं. हे माकडचाळे घरातल्या कुणी बघायचे नाहीत, असं बायकोला बजावलं. फुमिए "बरं" म्हणाली. त्याच्या लेखी विषय संपला.

फुमिएला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

योरागाने शेपटीने गाडी ओढली, ती शेपटीतच अडकली, आणि ती सोडवायला तो स्वतःभोवती गरगर फिरू लागला. पोरांची हसून मुरकुंडी वळली. त्सुनेओच्या तोंडूनही हसू निसटलं. इतकं काही वाईट नव्हतं की हे, त्याला वाटलं, आणि लगेच फुमिए आठवली.

शेवटी योरागा जिंकला आणि नाचू लागला. पोरं हसतील असं काहीतरी कर, असं दिग्दर्शक म्हणाला होता. त्सुनेओला ऐनवेळी आठवला तो गावचा नाच, ओबोनच्या दिवसांत पितरांसाठी देवळाच्या अंगणात फेर धरून नाचतात तो. त्यात दोन्ही हात डोक्यावर जातात. योरागाचा उजवा गेला. डावा मात्र खांद्यापाशीच अडला. दरवेळी नवा पोशाख परवडत नसे. पहिल्या भागात जळालेला खांदा डिंक थापून थापून लाकडासारखा कडक झाला होता.

त्सुनेओने सहज बाजूला पाहिलं. चिहारुचे हात तालावर हलत होते. उजवा वर, डावा खांद्यापर्यंत.

लहानपणी गावी ती अशीच नाचली होती. आत्या खो खो हसल्या होत्या. कुणी शिकवलं गं, तर म्हणे आईने. शहरात वाढलेल्या फुमिएने तो नाच तोवर पाहिलाही नव्हता. "येत नाही ते शिकवायला जाऊ नये," तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. फुमिएने नुसतं पोरीचं नाक पुसलं. त्यानंतर ती त्या फेरात कधीच उतरली नाही. दर वर्षी कडेला बसून सगळ्यांच्या चपला सांभाळायची.

"चिहारु, हा भाग तू आधी पाहिलायस?"

"सगळेच पाहिलेत. आई मांडीवर घेऊन बसायची. बाबांना कळता कामा नये, म्हणायची."

"आणि नाच?"

"घरी येऊन शिकवायची. बाबा नाचतात तस्साच यायला हवा, म्हणून पुन्हा पुन्हा करून घ्यायची." चिहारु थांबली. "गावी मी चुकले ना, तेव्हा तिला सांगायचं होतं तुम्हाला. पण सिनेमाचं कळलं असतं."

त्सुनेओने टोपी काढून मांडीवर ठेवली. दिवे लागले तरी तो उठला नाही. फार चुकलं आपलं, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं, आणि ते आता कुणाला सांगायचं तेही सुचेना.

बाहेर पडवीत पोरांनी नाचाचा फेर धरला होता. कडेची एक फ्रॉकवाली चिमुरडी दोन्ही हात अगदी डोक्यावर नेत होती, गावच्या रिवाजाप्रमाणे बिनचूक.

त्सुनेओ तिच्याजवळ उकिडवा बसला आणि तिचा डावा हात त्याने हलकेच खाली आणला.

"हा इथपर्यंतच," तो म्हणाला. "खांद्यापर्यंत."