तळ बुजवलेला नळ

मित्रांनो, मी एक जुना खापरी नळ आहे आणि सध्या माझा जीव थाऱ्यावर नाही. नळ म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा. कालपर्यंत माझी एक बाजू सिमेंटनं बुजवलेली होती.

कुंभारानं मला भाजलं, गवंड्यानं चुन्यानं भावंडांशी जोडलं आणि जमिनीखाली निजवलं. निजलो मात्र कधीच नाही. डोंगरातलं पाणी शहराकडे नेत राहिलो. पिणाऱ्यांनी आमची कधी चौकशीही केली नाही.

पुढे आमची एक फांदी कोरडी पडली. छावणीजवळ रस्ता खोदताना मी वर आलो. शहरातल्या जुन्या वस्तू जपणाऱ्या वारसा कक्षाच्या भानुमतीताई खड्ड्यात उतरल्या, म्हणून फुटलो नाही. त्यांनी माझ्या पाठीवर नखाला लावतात त्या पॉलिशचा थर दिला, त्यावर शाईनं क्रमांक घातला आणि वरून पुन्हा पॉलिश लावलं. जुन्या वस्तूंना असाच क्रमांक देतात. मी मनातून जरा फुशारलो. शाळेची मुलं कक्षाच्या खोलीत मला बघायला आली की ताई माझ्यात तांब्याभर पाणी ओतत आणि मुलं दुसऱ्या तोंडाखाली ओंजळ धरत. फार सुखाचे दिवस होते ते.

यंदा कक्षाला निधीच मिळाला नाही. ताईंची बदली झाली, खोली दुसऱ्या खात्याला गेली. सामान हलवताना कुणीतरी मला राडारोड्यात टाकलं. शिपाई सोमनाथ म्हणाला, "लई देखणं हाय, टाकवत नाय." त्यानं माझं खालचं तोंड सिमेंटनं बुजवलं, माझ्यात कढीपत्ता लावला आणि मला खिडकीत ठेवलं. माया होती हो त्याची, पण माझा जीव घुसमटत होता.

काल खिडकीबाहेर जेसीबी घरघरला. गटारासाठी चर खणत तो थेट माझ्या वाहत्या भावंडांच्या अंगावर निघाला होता. मला ओरडता येत नाही. ताई आपली पुस्तकं न्यायला आल्या होत्या. त्यांनी मला रोपासकट उचललं आणि धावत यंत्रापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, थांबा. खाली असेच नळ आहेत, त्यांतून पाणी वाहतंय."

चालक फकिरा यंत्र तसंच चालू ठेवून खाली उतरला. "ताई, ही तर कुंडी हाय."

ताईंनी कढीपत्ता उपटला, माती झाडली आणि सवयीनं बाटलीतलं पाणी माझ्यात ओतलं. ते तसंच तुंबून राहिलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात सोमनाथ पहार घेऊन आला. "माझीच चूक हाय, ताई. आणा इकडं." सिमेंट फुटलं, माझ्या तोंडाचा टवकाही उडाला आणि पाणी फकिराच्या पायावर पडलं. त्यानं माझ्यातून आरपार पाहिलं आणि जाऊन यंत्र बंद केलं. मग तो चरात वाकला. खालून झुळझुळ ऐकू येत होती.

"व्हय की," तो म्हणाला, "वाहतंय."

चर आता बाजूनं नेणार आहेत. पण ताई उद्या नव्या कचेरीत रुजू होतील आणि शहरात रोज कुठं ना कुठं खोदकाम चालूच असतं. मित्रांनो, खड्ड्यात खापराचं गोल तोंड दिसलं, तर काम थांबवायला सांगा. आणि ताईंची खुर्ची रिकामी का, हे मोठ्यांना विचारा. मी इथं खिडकीत टवका उडालेल्या तोंडानं बसलोय. दूरवर यंत्र घरघरलं तरी दचकतो.